टीव्हीवरचं भजन बंद कर आणि हॉल शोध

«मावशी, सासूबाई साताऱ्याहून येऊन दोन महिने झाले. सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा आहे. आम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत, त्या दिवसभर खिडकीशी. तिकडे दर मंगळवारी भजनी मंडळात टाळ धरायच्या, म्हणून मी सकाळी निघताना टीव्हीवर यूट्यूबची भजनं लावून जाते. तरी संध्याकाळी चेहरा पडलेलाच. विचारलं तर म्हणतात, ‘माझं काय, तुमचं चालू द्या.’ शिवाय नऊ वर्षांचा मुलगा त्यांच्याशी इंग्रजीतच बोलतो, थंडीनं त्यांचे गुडघे धरतात, आणि साताऱ्याचा फ्लॅट विकायचा की ठेवायचा यावरून ह्यांचं आणि दिरांचं बिनसलंय. काय करू?» — इंग्लंडमधल्या रेडिंगहून एक सून

अगं, प्रश्न चार विचारलेस, पण महत्त्वाचे शब्द भलतीकडेच लिहून गेलीस: ‘टाळ धरायच्या.’ भजन ऐकायच्या असं नाही लिहिलंस. तू टीव्ही लावून जातेस तो मायेनंच, ते कळतं मला. पण टाळ धरणाऱ्या बाईला भजन लावून देणं म्हणजे सुगरणीला स्वयंपाकघरातून उठवून दिवसभर रेसिप्यांचे व्हिडिओ दाखवणं. साताऱ्यात मंगळवारी त्या गेल्या नाहीत, तर कुणीतरी फोन करून ‘का हो, बरं नाही का?’ विचारत असेल. इथे त्यांची वाट कुणी बघत नाही, त्याच तुमची बघतात.

तेव्हा त्यांना गाण्याचा गट हवा. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतला वर्षातून एकदाचा कार्यक्रम नव्हे. दर आठवड्याला, ठरल्या वारी, पायी किंवा एका बसनं जाता येईल अशा जागी. ‘नॉस्टॅल्जियाचे चोचले’ म्हणणाऱ्यांसाठी सांगते: केंट परगण्यात साठीपुढच्या २५८ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटानं १४ आठवडे एकत्र गाणं म्हटलं, दुसऱ्यानं आपला नेहमीचा दिनक्रम ठेवला. निष्कर्ष २०१५ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीत आले. गाणाऱ्यांच्या मनाची स्थिती चांगली निघाली, आणि गाणं थांबून काही आठवडे झाल्यावरही फरक दिसत होता. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गाणं, हस्तकला आणि लेखन अशा प्रौढांच्या वर्गांची सात महिने तुलना केली. शेवटी सगळे वर्ग सारखेच जवळ आले, पण गाणाऱ्यांचं सुरुवातीलाच जमलं. तुझ्या सासूबाईंचे चारच महिने उरलेत, त्यामुळे आपल्याला ही ‘सुरुवातीलाच’ गोष्ट मोलाची.

आता कामाला लाग. आठ माणसं मिळाली की सुरू कर, पंधराच्या पुढे नेऊ नकोस. आठाच्या आत असले की दोघं गैरहजर राहिल्यावर उरलेल्यांचा आवाज उघडा पडतो आणि लाजरी माणसं गप्प होतात. पंधराच्या पुढे कोपऱ्यातली आजी आली काय नि न आली काय, कुणाला कळत नाही.

वेळ दुपारी एक ते अडीच ठेव. डिसेंबरात इथे चारच्या आत अंधार पडतो, आणि अंधारात परतायचं म्हटलं की निम्म्या जणी दुसऱ्याच आठवड्यात ‘सर्दी झालीय’ म्हणतात. शाळेच्या वेळेआधी संपलं तर आणणाऱ्या-सोडणाऱ्या सुनांनाही सोयीचं. वार मात्र बदलायचा नाही. एकदा बुधवार, एकदा शुक्रवार केलं की गट दोन महिन्यांत विरतो.

हॉलचं भाडं गावागणिक बदलतं. ताशी २० पौंड धरलं तर दीड तासाचे ३० होतात. बारा जणांनी तीन-तीन पौंड डब्यात टाकले की ३६ जमतात, वरच्या सहात चहा-बिस्किटं. फुकट ठेवू नकोस. तीन पौंड दिलेला माणूस आळस झटकून येतो. हॉल चर्चचा असेल तर भक्तिगीतं चालतील का, आणि विमा तुमचा लागेल की त्यांचा पुरेल, हे आधी विचार. विमा काढावा लागलाच, तर हौशी संगीतगटांच्या ‘मेकिंग म्युझिक’ या संस्थेकडे सभासदांसाठी तशी सोय आहे.

खुर्च्या गोलात. सतरंजीचा हट्ट सोड, गुडघे आहेत. खुर्ची हातांची की बिनहातांची, यावर मी पुष्कळ घोळ घालून बसले आहे. हातांच्या खुर्चीत टाळ वाजवताना कोपर अडकतं, बिनहातांच्या खुर्चीतून उठताना आधार राहत नाही. दोन्ही ठेव, ज्याची त्याला निवडू दे. आमच्या सासूबाई आधी टाळ खाली ठेवून दोन्ही हातांनी खुर्ची चाचपून बघतात, मगच बसतात.

टाळांचं आणखी एक. लाकडी जमिनीच्या रिकाम्या हॉलमध्ये दोन जोड पुरेत. चार झाले की कानात यंत्र असलेल्यांना ते अक्षरशः टोचतात. यंत्र उंच, कडक आवाज आणखी पुढे आणतं. ते लोक यंत्र काढून ठेवतात, मग त्यांना गाणंही ऐकू येत नाही आणि गप्पाही. आमच्याकडे वडिलांनी यंत्र खिशात टाकलं की आम्ही समजतो, टाळ जास्त झाले. बाकीच्यांनी हातानं टाळ्या द्याव्यात.

कागद मोठ्या अक्षरांत हवेत. २० पॉइंटच्या खाली जाऊ नकोस, एका पानावर एकच गाणं, आणि श्वास जिथे घ्यायचा तिथेच ओळ तोड. वर देवनागरी, खाली रोमन. मोबाइलवरून वाचायला लावलंस की माना खाली जातात, आवाज छातीत अडकतो, आणि कुणी कुणाकडे बघत नाही.

सुराची चूक सगळ्यात जास्त गट मोडते, म्हणून नीट वाच. पुरुष साधारण काळी एकमध्ये गातात, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून; बायका काळी चारमध्ये. सत्तरीपुढच्या बायकांचा आवाज उतरतो, त्यांना काळी तीन बरी पडते. दोघे एकत्र असले की पेटीवाला स्वतःच्या पट्टीत सुरू करतो आणि अर्ध्या माणसांचं तोंड मिटतं. मिश्र गट असेल तर पहिले दोन महिने अशा चाली घे, ज्या सा पासून ध पर्यंतच फिरतात. त्या काळी एकमध्ये सगळ्यांना जमतात. चाल तार सप्तकात, म्हणजे वरच्या ‘सा’च्या पुढे गेली की आज्यांचा आवाज चिरतो, आणि चिरलेला आवाज एकदा स्वतःला ऐकू आला की त्या पुन्हा फक्त ओठ हलवतात.

लयीचंही तसंच. भजन आपोआप चढत जातं, ते थांबवायला ढोलकीवाला समजूतदार लागतो. शेवटच्या गजराला चढू दे, त्याआधी नको. दम कमी असलेली माणसं आधी मागे पडतात आणि मग गप्प बसतात. पेटी थंड गाडीतून आणली तर अर्धा तास हॉलमध्ये तशीच ठेव, मगच उघड, आणि रेडिएटरजवळ ठेवू नकोस. हीटिंगच्या कोरड्या हवेत ढोलकीची पुडी (वरचं कातडं) ताणून सूर चढतो, पावसाळी दिवशी उतरतो. पेटी नसेल तर फोनवरचं तानपुऱ्याचं अ‍ॅप आणि छोटा स्पीकर पुरे. पेटी मिळेपर्यंत थांबायचं नाही.

दीड तासातली पहिली दहा मिनिटं प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं आणि मग नुसता ‘आ’कार लावायचा. नंतर पाऊण तास गाणं: दोन सगळ्यांना येणारी, एक नवं, आणि एक ज्याच्या वाढदिवसाचा आठवडा असेल त्याच्या आवडीचं. उरलेला वेळ चहा. चहा कापून गाणं वाढवायचा मोह होईल, तो आवर. भोंडल्यात खिरापत ओळखायला लावतात ना, तेच इथे कर: दर आठवड्याला एकीनं झाकून काहीतरी आणायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. अबोल बाईसुद्धा ‘गोड की तिखट?’ एवढं विचारतेच. दाणे-काजू असतील तर मात्र डब्यावर लिहून ठेव.

नुसती भजनं ठेवायची की नाही? मी म्हणेन, नको. भजन हा चांगला साचा आहे खरा. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं, त्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही चालतं आणि शेजारच्या इंग्रज आजींनाही. पण मराठी माणूस म्हणजे वारकरीच असं नाही. कुणाकडे भीमगीतं आहेत, कुणाकडे कोळीगीतं, कुणाकडे वसईच्या लग्नातली गाणी, कुणी नुसत्या भावगीतांवर वाढलेलं. नावात ‘भजनी’ ठेवलंस तर ही माणसं दारातूनच परत जातील आणि तुला कळणारही नाही. गटाचं नाव ‘मंगळवारचं गाणं’ ठेव.

माणसं गोळा करताना मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नकोस. त्या ग्रुपवर मुलं असतात, आई-वडील नसतात. आपल्या किराणा दुकानात, लायब्ररीत, देवळात कागद लाव, आणि त्यावर ‘आणायची सोय होईल’ हे मोठ्या अक्षरात लिही. माणूस येतो की नाही हे गाण्यावर कमी आणि गाडीवर जास्त ठरतं. तुमच्या जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातही विचार: इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी सोशल प्रिस्क्राइबिंगचा लिंक वर्कर असतो, एकट्या पडलेल्या माणसांना गावातल्या गटांशी जोडून देणं हेच त्याचं काम. तुझा वार-वेळ त्याच्याकडे गेला की तो इतरांनाही पाठवील, मराठी नसलेल्यांनाही. येऊ देत.

सूर सांभाळला तरी गट मोडतो तो बहुधा दोन कारणांनी. एक, कुणीतरी चांगली गाणारी बाई येते, चुका काढते, आणि तिसऱ्या महिन्यात ‘दिवाळीला स्टेजवर बसवू या’ म्हणते. स्टेज आलं की तालीम येते, तालीम आली की निवड येते, आणि जिला निवडलं नाही ती घरी बसते. त्या बाईला दुखवू नकोस, पण तिला नवं गाणं शिकवायचं काम दे, माइक देऊ नकोस. दुसरं, किल्ली, चहा, कागद, फोन, सगळं एकटीच करते. पहिल्याच दिवशी चार कामं चार जणींना वाटून दे, एक काम सासूबाईंना. टाळांची पिशवी सांभाळायचं दे. पिशवी त्यांच्याकडे असली की त्यांना जावंच लागेल.

पैशांचं थोडं. सहा महिने डब्यावर चालव. नंतर वाटलं तर नॅशनल लॉटरीच्या ‘अवॉर्ड्स फॉर ऑल’ या अनुदान योजनेकडे अर्ज करता येतो. त्याला गटाची लेखी नियमावली आणि गटाच्या नावाचं बँक खातं लागतं, आणि खात्यावर नात्यात नसलेल्या दोघांच्या सह्या. नवरा-बायकोच्या जोडीवर आपले बरेच उत्साही लोक इथेच अडकतात. सासूबाई व्हिजिटर व्हिसावर आहेत, तेव्हा त्या गाऊ देत, पण मानधन म्हणून पाकीट देऊ नका, प्रेमानंसुद्धा नको. आणि गाताना रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकू नकोस. शब्द तुकोबांचे असले तरी चाल कुणाच्या तरी हक्काची असू शकते, शिवाय कॅमेरा दिसला की निम्म्या जणी पदर सावरत बसतात.

एक गोष्ट गंभीरपणे. गाणं औषध नाही. सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, ‘कशाला जगायचं’ असं बोलणं आहे, किंवा रोजच्या गोष्टी विसरायला होतंय, तर आधी जीपी. इंग्लंडमध्ये पाहुण्यांनाही जीपीची भेट मोफत असते. स्मरणाचा त्रास निघालाच तर अल्झायमर्स सोसायटीचे ‘सिंगिंग फॉर द ब्रेन’ नावाचे गट असतात, ते बघ.

राहिले तुझे बाकीचे प्रश्न. गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी आणि लोकरी पायमोजे, फार दुखलं तर फिजिओ. मुलाला मराठी बोल म्हणून मागे लागू नकोस. सुट्टीत त्याला गटात आण आणि कागद वाटायचं काम दे. एखादा शब्द कसा म्हणायचा हे मग तो आजीला विचारीलच. फ्लॅटचं तुझ्या नवऱ्यानं आणि दिरांनी समोरासमोर बसून ठरवावं, तू मध्ये पडू नकोस. मी कधीच पडले नाही आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

हॉलवाल्याला फोन उद्याच कर. मंगळवार दुपार मोकळी आहे का, एवढंच विचार.