चैत्राचं टपाल

पाडवा झाला की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. थंडीत गुडघ्यांबद्दल आणि सुनांबद्दल विचारणारी मंडळी एकदम मोगरा, कैऱ्या, चिमण्यांवर येतात. पत्र झाडाचं असतं, पण चार ओळी खाली गेलं की कुठूनतरी शेजारी डोकावतोच. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, फक्त गावं.

ताई, ग्रिलमध्ये मोगऱ्याच्या दोन कुंड्या आहेत. पानं हिरवीगार, कळीचा पत्ता नाही. त्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, तुमच्या कुंड्यांचं पाणी आमच्या पापडांवर ठिबकतं. कुंड्या काढून टाकू का? – डोंबिवली

काढायच्या कशाला? आधी मोगऱ्याचं बघू, मग वहिनींचं.

पानं गच्च आणि कळी नाही, म्हणजे बहुतेक वेळा खाणं जास्त आणि ऊन कमी. नर्सरीवाल्यानं दिलेलं पांढरं दाणेदार खत घालत असाल तर ते युरिया असणार. त्यानं पानंच फुगतात. ते बंद करा. मोगऱ्याला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. ग्रिलमध्ये तेवढं मिळत नसेल तर कुंडी गच्चीवर न्या, त्याला दुसरा इलाज नाही. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्यावर येते, म्हणून खरी छाटणी माघातच उरकायची असते. ती वेळ गेली, तरी आत्ता हलकी छाटणी चालते. प्रत्येक फांदीचा शेंडा पानांच्या दोन जोड्या सोडून वरून खुडा, जुनी पिवळी पानं ओरबाडून काढा आणि दोन-तीन दिवस पाणी तोडा. पानं जराशी मलूल झाली की वरची माती खुरप्यानं मोकळी करून ओंजळभर जुनं शेणखत आणि चिमूटभर लाकडाची राख घाला, मग भरपूर पाणी. नवी पालवी फुटते, तिच्या टोकाशीच हिरवट, मुगाएवढ्या कळ्या दिसतात. पहिला बहर ओसरला की पुन्हा तसंच खुडा. पावसाळा लागेपर्यंत फुलं घेता येतात.

आता पापड. वहिनींची तक्रार मला अगदी रास्त वाटते. बाईनं पहाटे उठून चीक शिजवून कुरडया घालायच्या आणि वरून लाल पाण्याचा थेंब टपकायचा, हे कुणाला सहन होईल? कुंडीखाली बशी ठेवा. एकदम तांब्याभर ओतू नका; आधी थोडं घाला, माती भिजू द्या, दहा मिनिटांनी उरलेलं. बशीत पाणी साठलं तर ते तिथंच ठेवायचं नाही. डेंग्यूचा डास साध्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा बशी रिकामी करून काथ्यानं घासा; अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी फेकून ती जात नाहीत. ग्रिलच्या बाहेर टांगलेल्या कुंड्या मात्र आजच आत घ्या. वळवाच्या वाऱ्यात त्या खाली आल्या तर प्रश्न पापडांचा राहणार नाही.

आणि वाळवण कोणत्या दिवशी घालणार ते वहिनींना आदल्या रात्री विचारा. त्या दिवशी पाणी संध्याकाळी.

आमच्या एसीच्या बाहेरच्या पेटीमागे चिमणीनं घरटं केलं आहे. मेकॅनिक म्हणतो, काढून टाका. शेजारचे आजोबा म्हणतात, पाप लागेल. – पुणे

पापाचं आजोबांनाच विचारा. मी फक्त हिशेब सांगते. चिमणीची अंडी साधारण बारा दिवसांत फुटतात आणि पिल्लं पंधरा-सोळा दिवसांत उडतात. म्हणजे महिनाभर पंखा लावून झोपा. घरटं रिकामं झालं की काढा आणि त्या फटीला जाळी मारा, नाहीतर तीच जोडी परत येईल. २० मार्चचा चिमणी दिन ही आमच्या नाशिकच्या माणसानं, मोहम्मद दिलावर यांनी सुरू केलेली गोष्ट आहे, तेव्हा या बाबतीत मी निःपक्षपाती नाही.

शेजाऱ्यांच्या आंब्याची मोठी फांदी आमच्या परसात आली आहे. पाचोळा आम्ही झाडायचा, पन्हाळी आमची तुंबायची, आणि वाऱ्यानं पडलेल्या चार कैऱ्या उचलल्या तर शेजारीण कुंपणावरून बोलून दाखवते. फांदी आमच्या हद्दीत आहे, तोडली तर चालेल का? – सांगली

चालणार नाही. हद्द तुमची असली तरी शहरात झाडाला असा हात लावता येत नाही. महाराष्ट्रात यासाठी १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि परवानगी पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. अर्ज दोघांनी मिळून केलात तर काम सोपं जातं. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची म्हटल्यावर लोक रस्त्यावर उतरले होते, तेव्हापासून नाशकात तर फांदीला कोयता लावताना माणसं आधी इकडेतिकडे बघतात. शिवाय कैऱ्या धरलेल्या झाडावर आत्ता करवत चालवणं हा शुद्ध अडाणीपणा. आंबा उतरवून झाला की मग छाटणी. तोवर पन्हाळीच्या तोंडाला जाळी बसवा आणि पाचोळा जाळू नका. उघड्यावर पालापाचोळा जाळायला बंदी आहे. परसात एक खड्डा घ्या, थर देत मधूनमधून पाणी शिंपडा, वर्षभरात झाडांपुरतं खत होईल.

राहिल्या पडीच्या कैऱ्या. कायद्याची पुस्तकं काढण्याएवढा हा विषय मोठा नाही. तिचं म्हणणं "माझ्या झाडाच्या", तुमचं "माझ्या अंगणातल्या", दोघींचंही खरं. तुम्ही त्या वेचा आणि त्यांची आंबेडाळ करून वाटीभर पलीकडे पाठवा. चैत्रगौरीचे दिवस आहेत, निमित्त शोधावं लागणार नाही. फक्त डाळ नीट करा हो, नाहीतर भांडण वाढेल! हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजली पाहिजे आणि उपसून पूर्ण निथळली पाहिजे. मिक्सर सलग फिरवायचा नाही, थांबून थांबून. दाणा बोटाला लागला पाहिजे. पीठ झालं की ती डाळ राहत नाही, वड्याचं वाटण होतं. कैरी किसून घालायची, तीही चाखून, कारण पडीच्या कोवळ्या कैरीला आंबटपणा बेताचाच असतो. मीठ, साखर, हिरवी मिरची, कोथिंबीर, खोबरं. फोडणीत हिंग सढळ हातानं, आणि ती कोमट झाल्यावरच वर ओतायची. वाटी रिकामी परत येत नाही, हा आपल्याकडचा रिवाज आहे. बघा काय येतं ते.

मी एकटी राहते, वय ७४. जनगणनेची माणसं घरी येणार असं बातम्यांत ऐकते. शेजारचा मुलगा म्हणतो, आजी दार उघडू नका, फसवणूक असते. काय करावं? – छत्रपती संभाजीनगर

मुलगा काळजीनं म्हणतो, पण अर्धंच बरोबर आहे. जनगणना खरी आहे. २०२१ची राहून गेली, म्हणजे २०११नंतर ही पहिलीच. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात राज्यांनी आपापल्या ठरवलेल्या तीस दिवसांत घरयादी व्हायची आहे आणि माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७मध्ये. यंदा कागदाऐवजी मोबाईल असेल, आणि जातीचीही नोंद होईल. सगळ्या जातींची अशी मोजणी याआधी १९३१मध्ये झाली होती.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा हे काम आमच्याच गळ्यात पडायचं. भर उन्हात जिने चढून दार वाजवायचं आणि आतून "काही नको!" ऐकायचं. विकायला काही आणलेलंच नसायचं. दारात येणारा माणूस बहुधा असाच एखादा मास्तर किंवा बाई असेल. ओळखपत्र मागा, ते दाखवायला कुणी रागावणार नाही. घरयादीत घराच्या भिंती-छप्पर कशाचं, पिण्याचं पाणी कुठून, स्वच्छतागृह आहे का, मुख्य धान्य कोणतं, असे प्रश्न असतात. बँकेचा खाते क्रमांक, ओटीपी किंवा पैसे मागितले, तर तो जनगणनेचा माणूस नव्हे. दार लावून घ्या आणि त्या मुलाला हाक मारा. तुम्ही दिलेली माहिती १९४८च्या जनगणना कायद्यानं गोपनीय असते, ती कोर्टातही पुरावा म्हणून वापरता येत नाही. घरयादीच्या आधीचे पंधरा दिवस आपली माहिती आपणच ऑनलाइन भरायची सोय आहे. शेजारच्या मुलाला एवढी काळजी आहे ना, त्यालाच बसवा शेजारी आणि भरून घ्या. शेवटी एक क्रमांक मिळतो, तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. माणूस आला की तेवढा दाखवायचा.

आणि खरा माणूस आला तर त्याला पन्हं द्या. निदान माठातलं पाणी.

आमची तुळस दर उन्हाळ्यात करपते. शेजारणीची मात्र टवटवीत. ती काय घालते ते सांगत नाही. – नागपूर

काही घालत नसेल, मंजिऱ्या खुडत असेल. मंजिरी बी धरू लागली की तुळस म्हातारी होते. मंजिऱ्या दिसतील तशा काढा. पाणी सकाळी लवकर, नाहीतर उन्हं उतरल्यावर. वैशाखातल्या तुमच्या त्या भट्टीत दुपारपुरती हिरवी जाळी बांधा. तुळशीला निम्मी सावली चालते. आणि तिच्या अंगणात तुळस पूर्वेला आहे का, तेवढं बघून या.