रेलासांव: यादी, नातं की कोर्ट?

प्रश्न असा आहे: आजोबांच्या वाटणीच्या पोर्तुगीज कागदांत 'रेलासांव' हा शब्द दोन ठिकाणी आलाय. भाषांतर करणाऱ्याने दोन्हीकडे 'नातेसंबंध' लिहिलंय. ते बरोबर आहे का?

नाही, दोन्हीकडे चुकलंय. शब्दकोशात तो अर्थ सापडतो खरा, पण इन्व्हेंतारच्या, म्हणजे मृताच्या मिळकतीच्या वाटणीच्या कागदांत 'रेलासांव द बेंश' ही मिळकतीची यादी असते. शब्दाच्या आधी 'त्रिबुनाल द' लागलं की तेच गोव्याचं वरिष्ठ न्यायालय. मोठ्या (कॅपिटल) अक्षरावर विसंबू नका, कारकून ते मनाला येईल तसं घालत. मागचापुढचा शब्द बघा.

कोर्टाला हे नाव का? मुळात 'निवेदन'. एका न्यायाधीशाने प्रकरण वाचून बाकीच्यांपुढे मांडायचं, मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं. निवाड्याची सुरुवातच 'आकोर्दांव एं रेलासांव', म्हणजे 'रेलासांवीत एकमताने ठरवतात', अशी. पुढे त्या क्रियापदाचंच नाम झालं आणि असा निवाडा 'आकोर्दांव' ठरला. खालच्या कोर्टातल्या एकट्या न्यायाधीशाचा निकाल तो 'सेंतेंस'. तेव्हा कागदावर आकोर्दांव दिसला तर प्रकरण अपिलात गेलं होतं असं धरून चाला, आणि आधीचा सेंतेंसही शोधा.

हे कोर्ट 1544 सालचं. 1774 मध्ये ते बंद केलं, 1778 मध्ये पुन्हा सुरू झालं. इन्क्विझिशनही नेमकं त्याच काळात बंद होतं, त्यामुळे पुष्कळजण दोन्ही एकच समजतात. इन्क्विझिशन हे धर्माचं न्यायासन, 1812 मध्ये कायमचं संपलं आणि त्याचं बरंचसं दप्तर नष्ट केलं गेलं. त्या गोष्टीवरून 'कोर्टाचे कागद जाळले' असा निष्कर्ष काढू नये. मुक्तीनंतर रेलासांवीच्या जागी न्यायिक आयुक्तांचं न्यायालय आलं आणि 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ.

पणजीच्या पुराभिलेखात कागद मागताना 'फोल्य' हा आकडा पानाचा नसून पत्राचा, म्हणजे दोन बाजू असलेल्या अख्ख्या कागदाचा, असतो. पुढे 'व्ह' असेल तर पत्राची मागची बाजू. 'फोल्य 12 व्ह' म्हणजे आपल्या हिशेबाने 24 वं पान. इथे घोळ झाला की नक्कल भलत्याच मजकुराची मिळते. आणि 'साल्सेत' दिसलं की गोव्यातली सासष्टी धरण्याआधी साल बघा: 1737-39 च्या सुमारापर्यंत मुंबईजवळची साष्टीही पोर्तुगीजांकडेच होती.