दाबोळीला उतरून मोपाहून उड्डाण: मध्ये किती वेळ ठेवावा?

प्रश्न: दोन वेगवेगळी तिकिटे स्वस्त पडताहेत. पहिले विमान दुपारी ३ ला गोव्यात पोहोचते, दुसरे ६ ला गोव्याहूनच सुटते. पण एकावर जीओआय आहे, दुसऱ्यावर जीओएक्स. तीन तास पुरतील का? (पुणे)

उत्तर: नाही, नुसती केबिन बॅग असली तरी नाही. गोव्यात दोन विमानतळ आहेत: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा, आणि मध्ये साठ किलोमीटरहून अधिक रस्ता आहे.

चाके टेकल्यापासून मोजा. पट्ट्यावरून बॅग घेऊन बाहेर यायला ४० मिनिटे, टॅक्सी ठरवून निघेपर्यंत १५. रस्त्यात दीड तास. मोपाला दारावरच्या तपासणीसाठी आणि काउंटरच्या रांगेसाठी २० मिनिटे धरा. देशांतर्गत उड्डाणाचे चेक-इन बहुतेक कंपन्या ६० मिनिटे आधी बंद करतात. झाले पावणेचार तास, तेही पहिले विमान वेळेवर आले तर. तिकिटे वेगळी असल्याने पहिल्याला उशीर झाला तरी दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही परत देत नाही. म्हणून पाच तास ठेवा. नुसती केबिन बॅग आणि वेब चेक-इन असेल तर चार.

तुमच्या वेळेची खरी गोम पर्वरीत आहे. दाबोळीहून कुठ्ठाळीला येऊन जुवारीचा पूल ओलांडायचा. नवा पूल २०२३ च्या अखेरीस पूर्ण खुला झाला, त्यामुळे तिथली जुनी कोंडी आता नाही. पुढे आगशी, बांबोळी करत पणजीबाहेरून मांडवीच्या अटल सेतूवर. तिथवर गाडी बरी पळते. पर्वरीत उड्डाणपुलाचे काम सुरू असेपर्यंत संध्याकाळी ५ ते ८ मध्ये अर्धा-पाऊण तास जादाच धरा. म्हापसा, कोलवाळ ओलांडून धारगळला आलात की सहापदरी जोडरस्ता सुमारे साडेसहा किलोमीटरांत थेट टर्मिनलला नेतो.

कदंबची (गोव्याची सरकारी) बस स्वस्त आहे, पण पणजीला बदलावी लागते. पुढचे विमान पकडायचे असेल तर त्या भानगडीत पडू नका. आणि टॅक्सीवाल्याला नुसते ‘एअरपोर्ट’ सांगू नका, ‘मोपा’ म्हणा. फोनच्या नकाशात मोपाचे अधिकृत नाव, ‘मनोहर विमानतळ’, शोधा.

प्रश्न: हवाई अंतर जेमतेम ४० किलोमीटर दिसते. रस्ता दीडपट कसा? मधे विमान का नाही? (नाशिक)

उत्तर: जुवारी आणि मांडवी दोन्ही नद्या मुखाशी रुंद आहेत आणि दाबोळी जुवारीच्या मुखालगतच्या पठारावर आहे. समोरचा किनारा दिसत असला तरी पुलासाठी आधी पूर्वेला कुठ्ठाळीपर्यंत यावे लागते. विमानाचे म्हणाल तर ४० किलोमीटर म्हणजे उंची गाठायच्या आत उतरण्याची तयारी. कोण चालवणार?

प्रश्न: सावंतवाडीकरांनी कोणता विमानतळ धरावा? (सावंतवाडी)

उत्तर: मोपा. बांदा, पत्रादेवी ओलांडून धारगळला वळलात की तासाच्या आत पोहोचता. दाबोळीला जाताना म्हापसा, पर्वरी, पणजी सगळेच वाटेत येते. दाबोळीचे तिकीट हजार-पाचशेने स्वस्त दिसले, तर आधी जादा टॅक्सीभाडे त्यात मिळवून बघा. पहाटे निघणार असाल तर रात्रीचा दरही विचारून घ्या.