'ट्रॅडिशनल हीलर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला: मेळघाटातल्या आरोग्यविषयक पत्रकाचा अनुवाद चालू आहे, 'ट्रॅडिशनल हीलर'साठी 'वैदू' चालेल का? की 'पारंपरिक उपचारक'?

'पारंपरिक उपचारक' शासन निर्णयात शोभेल. गावात तसं कुणी कुणाला म्हणत नाही.

'वैदू' 'वैद्य'वरूनच आला, पण वाटेत त्याची पत घसरली. पाटी लावून बसतो तो वैद्य, झोळी घेऊन दारोदार झाडपाल्याची औषधं विकतो तो वैदू. शिवाय वैदू ही एक भटकी जमात आहे. तिच्या नावानं 'गावठी वैदूच्या नादी लागू नका' असं छापणं बरं दिसत नाही. बिनपदवीच्या डॉक्टरला 'वैदू' म्हणण्याची वर्तमानपत्री खोडही मला खटकते. त्याच्यासाठी 'बोगस डॉक्टर' हा रोखठोक शब्द आहे की!

'भगत' म्हणजे मुळात 'भक्त'. हा पालघर-ठाण्याकडचा, वारल्यांचा वगैरे. तो तांदळाचे दाणे पाहून दुखण्यामागे कुठला देव कोपलाय ते सांगतो. तो औषधही देईल, पण त्याचं मुख्य काम निदानाचं, आणि ते देवाच्या दरबारातलं. म्हणून भगत आणि वैदू एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

तुमचं पत्रक धारणी-चिखलदऱ्याचं. तिथल्या कोरकू आदिवासींच्या पाड्यांवर आजारी माणूस जातो भुमकाकडे, नाहीतर पडियाराकडे. तेच शब्द ठेवा. 'साप चावल्यास वैदूकडे जाऊ नका' हे वाचून तिथला बाप म्हणेल, आम्ही कुठे जातो? आणि मूल घेऊन भुमकाकडेच जाईल. तान्ह्याचं पोट फुगलं की तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला तिथे 'डंबा' म्हणतात. तोही शब्द पत्रकात जसाच्या तसा हवा.

वाक्यही थोडं फिरवून बघा. भुमकांनी रुग्ण आरोग्य केंद्रात पाठवावेत म्हणून आरोग्य खातंच त्यांना हाताशी धरतं. मग त्यांच्याविरुद्ध लिहिण्याऐवजी त्यांनाच सांगा: 'भुमकाबाबा, साप चावलेल्याला आधी दवाखान्यात धाडा.' २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही कुणी भुमका आहे म्हणून त्याला धरत नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणं, हा त्यातला गुन्हा.

आणि हो, 'रुग्णालय' नको, 'दवाखाना'च लिहा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं आदिवासींसाठी रुग्णालय उभारलं, त्याचं नाव 'माँ दंतेश्वरी दवाखाना'. देवीचं नाव आणि फारसी शब्द शेजारी शेजारी, कुणालाच अडचण नाही.