सातो बदलला नाही, ट्रॅक बदलला

प्रश्न असा आहे: जपानचा ताकुमा सातो एफ वनमध्ये (फॉर्म्युला वन) सारखा कुणाला तरी धडकायचा, मग इंडी ५०० (अमेरिकेत इंडियानापोलिसच्या ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरची शर्यत) दोनदा कसा जिंकला? नशीब की गाडी?

आधी एक दुरुस्ती. एफ वनमधला सातो वाटतो तितका वाईट नव्हता. मुळात हा सायकलपटू. विशीला टेकल्यावर सुझुकाच्या रेसिंग स्कूलमध्ये गेला, म्हणजे बाकीच्यांपेक्षा दहाएक वर्षं उशिरा. तरी २००० मध्ये ब्रिटिश एफ थ्रीत (एफ वनच्या खालच्या पायरीची स्पर्धा) तिसरा आला (चौथा आपला नारायण कार्तिकेयन) आणि २००१ मध्ये १२ शर्यती जिंकून विजेता झाला, शिवाय त्याच वर्षी मकाऊची एफ थ्री शर्यतही मारली. अशा पोराला एफ वनच्या जॉर्डन संघाने २००२ मध्ये घेतलं, यात नवल नाही.

२००४ हे त्याचं खरं वर्ष. बीएआर-होंडा संघाकडून ३४ गुण, चालकांच्या यादीत आठवा क्रमांक. नुर्बर्गरिंगच्या शर्यतीत सुरुवातीला पहिल्या रांगेत दुसरा उभा होता. पण दुसऱ्या स्थानासाठी बॅरिकेलोच्या आतून घुसला, पुढचा पंख तुटला आणि नंतर इंजिनही गेलं. त्या वर्षीपासून अख्ख्या वीकेंडला एकच इंजिन असा नियम आला होता आणि होंडाची सातोच्या गाडीतली इंजिनं एकामागून एक उडत होती. मोनॅकोत तर त्याच्या इंजिनाच्या धुरात फिसिकेला समोरचं न दिसून कुल्थार्डवर आदळला. २००५ मध्ये नियमबाह्य इंधन टाकीच्या प्रकरणात संघावर दोन शर्यतींची बंदी आली आणि सातोचा वर्षभराचा हिशोब निघाला १ गुण. पुढे २००६ मध्ये सुपर अगुरी संघाची गाडी २००२ च्या अ‍ॅरोज सांगाड्यावर उभी केलेली. तीत बसून कोण काय दाखवणार? तरी २००७ ला कॅनडात त्याने शेवटच्या फेऱ्यांत अलोन्सोच्या मॅकलारेनला मागे टाकून सहावा नंबर काढला. मिळाली तर ती शर्यत नक्की बघा.

गंमत म्हणजे त्याचा एफ वनमधला एकमेव पोडियमही (पहिल्या तिघांत येणं) इंडियानापोलिसचाच, जून २००४, तिसरा. फक्त तेव्हा गाड्या उलट दिशेने धावायच्या आणि ओव्हलचं एकच बँकिंगचं (आतल्या बाजूला उतार दिलेलं) वळण वापरलं जायचं.

आता मूळ मुद्दा. इंडी ५०० च्या २०१२ आणि २०१७ च्या शेवटच्या फेऱ्या लागोपाठ बघा, उत्तर पहिल्या वळणावरच मिळेल.

२०१२ मध्ये शेवटच्या फेरीला तो आघाडीवरच्या फ्रँकिटीच्या आतून घुसला. फ्रँकिटी खाली सरकत आला, जागा जेमतेम एका गाडीची राहिली आणि सातोची डावी चाकं पांढऱ्या रेषेखाली गेली. इंडीच्या वळणांना साधारण ९ अंशांचा उतार आहे, पण रेषेखालचा पट्टा त्याहून सपाट. ताशी ३५० किमीच्या आसपास वेगात तो बदल ओलांडला की मागची चाकं सुटतात. सुटलीच. गाडी भिंतीवर, निकालात १७ वा.

२०१७ मध्ये तोच माणूस तीच घाई करत नाही. १९५ व्या फेरीत कॅस्ट्रोनेव्हिसला मागे टाकतो, म्हणजे २०० व्या फेरीपर्यंत थांबत नाही. पुढे गेल्यावर स्वच्छ हवा त्याची आणि मागच्याला पुढच्या गाडीने ढवळलेली गढूळ हवा, ज्यात पुढच्या चाकांची पकड कमी होते आणि गाडी नीट वळत नाही. कॅस्ट्रोनेव्हिसने पहिल्या वळणावर पुन्हा बाजूला येऊन पाहिलं, पण सातोने लाइन सोडली नाही. फरक ०.२०११ सेकंद. आशियाई चालकाचा तो पहिला इंडी ५०० विजय.

२०२० ला डिक्सन १११ फेऱ्या पुढे होता, पण शेवटच्या टप्प्यात सातो वर आला. पाच फेऱ्या उरल्या असताना पिगॉटचा अपघात झाला आणि शर्यत पिवळ्या झेंड्याखाली (म्हणजे ओव्हरटेक बंद) संपली. "सातोला इंधन पुरलं नसतं" असं म्हणणारे आजही भेटतात. असेलही, पण पिवळा झेंडा लागला तेव्हा पुढे सातो होता.

म्हणजे नशीब, गाडी वगैरे ठीक आहे, पण खरं कारण असं की ओव्हलवर हल्ला करायला दर फेरीला चार वळणं मिळतात आणि शर्यत २०० फेऱ्यांची. एफ वनमध्ये तेव्हा ओव्हरटेकची संधी एखादीच, म्हणून तो नको तिथे नाक घालायचा. ती सवय पूर्ण गेली असं मात्र समजू नका. २०१९ ला पोकोनोच्या ओव्हलवर झालेल्या गाड्यांच्या टकरीचं खापर त्याच्यावर फुटलं, आणि सहाच दिवसांनी गेटवेच्या ओव्हलवर तो ०.०३९९ सेकंदाने जिंकला!

एक शेवटची क्लिप शोधा: २०२५ ची इंडी ५००, वय ४८, सर्वाधिक ५१ फेऱ्या आघाडीवर, आणि पिटमध्ये (इंधन-टायरसाठी थांबायची जागा) येताना गाडी आपल्या जागेच्या पुढे घसरते. ओव्हलवर ब्रेक जवळजवळ वापरलेच जात नाहीत, त्यामुळे पिटमध्ये शिरताना ते थंड असतात. गाडी मागे ढकलण्यात जे सेकंद जातात, ते इंडीत सहसा परत मिळत नाहीत.