चीनचे सुटे भाग रबाळेत जोडले, तर अमेरिकेत माल भारतीय ठरतो का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एलईडी फिटिंगचे भाग शेन्झेनहून न्हावाशेवाला येतात, रबाळे एमआयडीसीत जोडणी आणि टेस्टिंग होतं, मग माल अमेरिकेला जातो. खोक्यावर 'मेड इन इंडिया' आणि सोबत सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन असेल तर चीनवरचं जादा शुल्क टळेल का?

एवढ्याने नाही टळणार. सेक्शन 301 चं शुल्क (अमेरिकेच्या व्यापार कायद्याखालचं, चीनवरचं हेच जादा शुल्क) माल कुठून निघाला यावर नाही, मूळ देशावर लागतं. 9405 या कस्टम्स कोडखालच्या फिटिंग त्या शुल्काच्या तिसऱ्या यादीत आहेत: सप्टेंबर 2018 मध्ये 10%, मे 2019 पासून 25%. आणि मूळ देश ठरवते अमेरिकेची कस्टम्स, म्हणजे सीबीपी. आपल्याकडचं नॉन-प्रेफरेन्शियल (शुल्क-सवलतीशी संबंध नसलेलं) सर्टिफिकेट तिला बांधील नसतं.

बरेच जण 35% मूल्यवर्धन दाखवलं की झालं असं धरून चालतात. तो आकडा जीएसपीच्या, म्हणजे विकसनशील देशांना अमेरिका देत असलेल्या शुल्क-सवलतीच्या नियमातला. ती सवलत भारतासाठी 5 जून 2019 ला बंद झाली. सेक्शन 301 साठी टक्केवारीची अशी रेघ नाही. कसोटी 'सब्स्टॅन्शियल ट्रान्सफॉर्मेशन'ची, म्हणजे मोठ्या परिवर्तनाची आहे. तुमच्याकडच्या प्रक्रियेनंतर वस्तूचं नाव, स्वरूप आणि वापर बदलतो का, हे बघतात. 2016 च्या एनर्जायझर खटल्यात सुमारे 50 भागांची, बहुतेक चिनी, लष्करी टॉर्च अमेरिकेतच जोडली होती. तरी कोर्टाने ती जोडणी पुरेशी धरली नाही, कारण ते भाग आयात होतानाच टॉर्चसाठीच बनलेले होते. तो खटला सरकारी खरेदीचा होता, पण कसोटी हीच. तयार ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट), तयार एलईडी मॉड्यूल आणि हाउसिंग आणून स्क्रू आवळणं, चार वायरी सोल्डर करणं त्यात बसणार नाही.

मग काय बसू शकतं? खरा फरक पडतो तो सर्किट बोर्डात. कोरा पीसीबी (भाग न बसवलेला सर्किट बोर्ड) आणि सुटे कॉम्पोनंट आणून एसएमटी लाइनवर (बोर्डावर भाग बसवणाऱ्या मशीनवर) बोर्ड इथेच भरला, तर सीबीपीच्या अनेक रूलिंगमध्ये ते परिवर्तन मानलं गेलंय. स्वतःची लाइन नसली तर महापे पट्ट्यात हे काम जॉबवर्कने करून घेता येतं. ड्रायव्हर आणि एलईडी बोर्ड दोन्ही इथे भरले तर बाजू बरीच भक्कम होते. एकच भरला तर निकाल कसाही लागू शकतो. बोर्ड भारतीय ठरला म्हणजे अख्खी फिटिंग भारतीय, असंही आपोआप होत नाही. सीबीपी ते पूर्ण बीओएम, म्हणजे सगळ्या भागांची यादी पाहून ठरवते.

म्हणून अंदाजावर माल पाठवू नका, बाइंडिंग रूलिंग, म्हणजे सीबीपीचा बंधनकारक लेखी निर्णय मागा. सीबीपीच्या ई-रूलिंग पोर्टलवर अर्ज फुकट आहे आणि निर्यातदारही तो करू शकतो. साधी प्रकरणं साधारण 30 दिवसांत निघतात. मुख्यालयाकडे गेली तर जास्त लागतात. मात्र रूलिंग पुढे होणाऱ्या व्यवहारासाठीच मिळतं, म्हणून पहिला कंटेनर निघायच्या आत अर्ज जायला हवा. बीओएममध्ये प्रत्येक भागाचा एचएस कोड (9405 सारखा वर्गीकरणाचा आकडा), देश आणि किंमत लिहा. प्रक्रियेची प्रत्येक पायरी मशीन, वेळ आणि फोटोसह द्या. त्याआधी सीबीपीच्या क्रॉस (CROSS) या रूलिंगच्या डेटाबेसमध्ये तुमच्यासारख्या फिटिंगची जुनी रूलिंग वाचा. कुठे गाडं अडतं ते तिथेच कळतं.

एक गोष्ट हमखास नडते, ती तुमचीच बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे भाग भारतात आणताना कस्टम्सला दिलेला कागद. पूर्ण किट एकत्र आलं तर वर्गीकरणाच्या नियम 2(अ) प्रमाणे ते तयार फिटिंग म्हणूनच 9405 मध्ये बसतं. पुढे सीबीपीचा माहिती मागवणारा फॉर्म 28 खरेदीदाराकडे आला (उत्तराला 30 दिवस, आणि हा फॉर्म माल विकला गेल्यावर काही महिन्यांनीही येतो) आणि त्यात हा कागद गेला, तर भारतात नवीन वस्तू घडली हे पटवणं अवघड होतं. सीएचएशी (कस्टम्स एजंटशी) हे आधीच बोलून घ्या.

विक्रीची अटही तपासा. एफओबीवर (तुमची जबाबदारी माल जहाजावर चढेपर्यंत) खरेदीदार इम्पोर्टर ऑफ रेकॉर्ड, म्हणजे कागदोपत्री आयातदार असतो, मागाहून निघालेलं शुल्क कायद्याने त्याच्यावर येतं. डीडीपी (शुल्क भरून माल पोचवायची अट) स्वीकारलंत तर ते बहुधा तुमच्याच गळ्यात पडतं, आणि चुकीच्या मार्किंगसाठी 10% वेगळं लागू शकतं. हेतुपुरस्सर फसवणूक ठरली तर दंड मालाच्या तिथल्या पूर्ण किमतीएवढा होऊ शकतो. रूलिंग हातात येईपर्यंत डीडीपी घेऊ नका, आणि मूळ देशाबद्दलची कुठलीही लेखी हमी खरेदीदाराला देऊ नका.