गोळीची सवय लागली म्हणायची का?

"मॅडम, नैराश्याची गोळी एकदा चालू केली की जन्माला चिकटते म्हणे." बेळगावातल्या टिळकवाडीत, माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकते, खानापूरकडचे असोत नाहीतर निपाणीचे. आमच्या भागात मनाच्या आजाराचं औषध म्हटलं की आधी धारवाड आठवतं. तिथल्या ब्रिटिशकालीन मनोरुग्णालयामुळे "ह्याला धारवाडला न्या" ही चेष्टाच होऊन बसली आहे. मीही वर्षानुवर्षं ठरलेलं उत्तर देत आले, की नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागत नाही. हे उत्तर अर्धंच आहे, ते मला एका मोल्डरनं, म्हणजे धातू ओतायचे साचे करणाऱ्या कामगारानं, दाखवलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

उद्यमबागेत फाउंड्रीत काम, वय पंचेचाळिशीचं. वर्षभर झोप नाही, अन्नावर वासना नाही. डॉक्टरांच्या गोळीनं तीन-चार महिन्यांत माणूस सावरला, आणि सावरला म्हणून स्वतःच गोळी बंद केली. आई रोज मागे लागलेली, "सवय लागंल, सोड." पहिल्या दोन भेटी नुसत्या रागात गेल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढून टेबलावर ठेवली. आत गोळ्या. पाकिटावरचं नाव कुणी वाचू नये म्हणून एकेक गोळी कात्रीनं चौकोनी कापलेली.

"तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट मारायला लागला. चक्कर. बायकोवर उगाच ओरडलो. परत गोळी घेतली, दुसऱ्या दिवशी थांबलं. मग सवय नव्हे तर काय की?"

"तुम्हाला झालं ते खरंच आहे," मी म्हटलं. ते बघतच राहिले. इतके दिवस सगळ्यांनी, माझ्यासकट, त्यांना खोटं पाडलं होतं.

२०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त ७९ अभ्यास आणि २१ हजारांवर लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. गोळी थांबवल्यावर १०० पैकी सुमारे ३१ जणांना काहीतरी त्रास झाला. पण नुसती खोटी, आत औषधच नसलेली गोळी थांबवलेल्यांतही १०० पैकी १७ जणांना झालाच. तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला. म्हणजे त्रास खरा, पण भीती त्याहून बरीच मोठी.

"सवय असती तर जास्त हवीशी वाटली असती," मी त्यांना म्हटलं. "एकाऐवजी दोन घ्याव्यात असं वाटतं?"

"छे!"

"आणि ह्या डबीतली आधीची वस्तू?"

पहिल्यांदा हसले. मग बराच वेळ गप्प. अशा वेळी मी बोलत नाही. बोलून बिघडवायचा मोह होतो, तो आवरायला मला खूप वर्षं लागली. शेवटी तेच म्हणाले, "मोल्ड गरम असताना फोडला की कास्टिंग तडकतं. मी घाईनं फोडला."

ह्यापेक्षा चांगलं मला सुचलं नसतं. उत्तर माणसाच्या हाताशीच असतं, आपण जागा करून द्यायची, हे मी समुपदेशन शिकणाऱ्या नव्या मुलींना कायम सांगते.

बाकीचं व्यवहाराचं. बंद केल्यावर दोन-चार दिवसांत चक्कर, करंट, मळमळ असं नवंच काही सुरू झालं आणि गोळी घेताच निवळलं, तर ते बहुधा गोळी तुटल्याचं. जुनी उदासी काही आठवड्यांनी हळूहळू परतली, तर आजार डोकं वर काढतोय. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने औषध चालवतात, मग थोडं थोडं कमी करतात; किती आणि केव्हा हे डॉक्टरांनीच ठरवायचं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांसाठी 'मनोचैतन्य'चा मंगळवार असतो, तिथं विचारा. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, पैसे पडत नाहीत. आमच्या मोल्डरनं डॉक्टरांना खरं सांगितलं, ओरडा खाल्ला नाही, गोळी पुन्हा सुरू झाली.

झोपेच्या गोळीचं मात्र वेगळं. तिची सवय खरोखर लागते.

हे मी त्यांच्या बायकोला फोनवर सांगत होते, तर मागून सासूबाईंचा आवाज आला, "विचार की, माझी चार वर्षं चाललीय ती कसली?" मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेली, रोज रात्री एक.

येत्या मंगळवारी त्या सुनेबरोबर दवाखान्यात जाणार आहेत.